अर्धी पुंजाची

माझ्या कारभारीमामांना बिडीशिवाय पाहिलेला माणूस निफाड तालुक्यात सापडला नसता. एक बिडी ओठात, एक कानावर आणि उरलेलं बंडल बंडीच्या खिशात. बोलताना ती ओठातली बिडी वरखाली हलायची, आणि आम्हा भाचरांना मामांच्या बोलण्यापेक्षा तिच्याकडेच बघावंसं वाटायचं. कुसामामी म्हणायची, "ह्यांना शेवटी जाळायला काडी लागायची नाय. नुसती फुंकर मारली तरी पेटतील." मामा हसायचे आणि हसता हसता खोकायचे. तो खोकला लवकर थांबायचा नाही.

मामांची द्राक्षबाग घराला लागूनच आहे. बागेच्या बांधावर एक बाभूळ आहे आणि तिच्याखाली शेंदूर फासलेला एक दगड. तो दगड म्हणजे माझा धाकटा मामा, पुंजा. आमच्याकडे घरातल्या गेलेल्या पुरुषाचा, त्यातही अकाली, लग्नाआधी गेलेल्याचा, वीर म्हणून दगड बसवतात. होळीच्या सणाला त्याला नैवेद्य दाखवायचा, आणि घरात काही बरंवाईट झालं की आधी त्याला विचारायचं.

पुंजामामा गेला तेव्हा मी शाळेत होते. निफाडची थंडी ज्याने सोसली नाही त्याला सांगून कळायचं नाही. घडांवरचं दव गोठू नये म्हणून त्या दिवसांत पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात आणि धूर करतात. पुंजामामा असाच एका शेकोटीपाशी बसला होता. ऊन वर आलं तरी उठेना म्हणून बघायला गेले, तर डोळे उघडे, पाठ ताठ आणि दोन बोटांत बिडी. ती शेवटपर्यंत जळून विझली होती आणि बोटांची कातडी तिने काळी केली होती. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. एवढ्या तरण्या माणसाचं हृदय का बंद पडावं, हे त्या घरात कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याच्याही ओठात बिडीच होती.

हे दोघे भाऊ लहानपणापासून एका बिडीवर दोघं. आजोबांच्या चोरून ओढायचे, एक बिडी मिळाली की अर्धी अर्धी करायचे. पुढे दोघांच्या खिशात स्वतःची बंडलं आली, तरी दुपारची बिडी वाटूनच. पुंजामामा गेल्यावर मामांनी हा वाटा मोडला नाही. जेवण झालं की टळटळीत उन्हात दगडापुढे जाऊन बसायचं, बिडी शिलगावायची, अर्धी ओढायची आणि उरलेली जळती दगडावर ठेवायची. "पुंजा, घे."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिगारेट ठेवून दिली तर आपली आपण जळत राहते. बिडीचं तसं नसतं. झुरके थांबले की ती विझते, म्हणून तर बिडीवाल्यांच्या काडेपेट्या पटापट संपतात. पण पुंजामामाची अर्धी बिडी दोऱ्यापर्यंत जळायची. लहानपणी दगडावरची ती राख मी बघितली आहे. वारा असेल, असं मी मनात म्हणायचे.

मी नाशिक रोडला दातांचा दवाखाना चालवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि पुढचं सांगताना मला भीतीपेक्षा राग जास्त येतो, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षी बागेची छाटणी चालू असताना मामांना एक ओळ चालून जाता येईना. दोन वेलींमध्ये खाली बसावं लागायचं. महेश, म्हणजे माझा मामेभाऊ, त्यांना नाशिकला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी फोटो बघितला आणि गोड बोलण्यात वेळ घालवला नाही. आज बिडी सोडा, नाहीतर पुढे नाकाला नळी लावून बसा. मामांनी बडीशेप खाल्ली, लवंग चघळली, घरादारावर खेकसून झालं आणि आठवड्याच्या आत गोठ्यामागे उभे राहून ओढताना सापडले. मामी त्या दिवशी रडली. मामा तिच्याकडे न बघता म्हणाले, "मला बी सोडायचीच हाय गं. ती सोडत नाय."

मग महेशने परदेशातून आलेल्या एका मित्राकडून एक गोल डबी आणली. आत पांढऱ्या, मऊ, बोटाच्या पेराएवढ्या पिशव्या होत्या. तंबाखू नाही, धूर नाही, नुसतं निकोटीन आणि पुदिन्याची चव. वरच्या ओठाखाली ठेवायची, थोड्या वेळाने काढून टाकायची. मामांनी तिचं नाव लगेच ठेवलं, उशी.

महेशने मला फोन करून विचारलं, आणि मी जे माहीत होतं ते सांगितलं. बिडीत खरा घात करतो तो जळण्याचा धूर. ह्यात काही जळत नाही, त्यामुळे जो माणूस इतकी वर्षं ओढतोय आणि दुसऱ्या कशानेच सोडू शकत नाही, त्याच्या छातीला बिडीपेक्षा हे बरं. पण बरं म्हणजे चांगलं नव्हे. निकोटीन तेच आहे. नाडी पळवणार, रक्तदाब चढवणार, हिरडी खाणार आणि सवय लावणार. वीस वर्षं वापरून काय होतं हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून निकोटीनचं च्युइंगम घ्या, असंही म्हटलं. फोन मामांनी घेतला. "माझे दात हालतेत. च्युइंगम काय हिरड्यांनी चावू?" ह्यावर दातांच्या डॉक्टरने काय बोलायचं!

मग मी तीन गोष्टी बजावल्या. बिडी पूर्ण बंद, दोन्ही चालू ठेवलं तर काही उपयोग नाही. उशाही हळूहळू कमी करायच्या. आणि डबी कुलपात, कारण घरात सायली आहे. सायली म्हणजे महेश आणि तृप्तीची मुलगी, अजून पहिलीतही न गेलेली. लहान मुलाने एखादी गिळली तर जिवावर बेतू शकतं, हे मी दोनदा सांगितलं. मामांनी तिन्ही गोष्टींना हो म्हटलं, आणि डबीच्या बाबतीत शब्द पाळला. ती लोखंडी कपाटात आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला.

उशीने काम केलं, हे मान्य करायला हवं. दिवाळीनंतर मामांचा खोकला ओसरला. रात्री झोप लागायला लागली, विहिरीपर्यंत न थांबता जायला लागले. एक दिवस त्यांचा मुद्दाम फोन आला. "हर्षा, भाकरीचा वास आला गं. तव्यावरच्या भाकरीचा. इतकी वर्षं खातोय, वास असतो हेच विसरलो व्हतो." त्यांचा आवाज एखाद्या पोरासारखा झाला होता. मला फार बरं वाटलं. मग जरा थांबून ते म्हणाले, "आन पुंजाच्या बिडीचा बी येतो."

"कुठे?"

"दगडापाशी. दुपारचा. मी तर वढत नाय आता. आसपास कोणी नसतं. तरी येतो."

नाक इतक्या वर्षांनी उघडलंय, जुना वास बंडीतला असेल, असं मी सांगितलं. मामा हं म्हणाले.

मला तेव्हा माहीत नव्हतं की मामांनी वाटा चालूच ठेवला होता. बिडी बंद म्हणून भावाला उपाशी कसा ठेवायचा? त्यांनी त्यांच्या परीने मार्ग काढला. दुपारी दगडापुढे बसून उशी ओठाखाली धरायची, निम्मा वेळ झाला की काढून दगडावर ठेवायची. अर्धी माझी, अर्धी पुंजाची. आणि दुसऱ्या दिवशी दगड साफ असायचा. रोज साफ. मामा घरात सांगत सुटले की पुंजाला उशी पटली. मामीने मला हे फोनवर सांगितलं, तेही आवाज खाली करून. मी मुंगूस म्हटलं, कावळा म्हटलं.

"मुंगूस पुदिन्याची उशी नेतं व्हय?" मामी म्हणाली. "आन हर्षा, ह्यांच्या छातीत धडधड होती. कोणीतरी पाल्यावरून चालल्यावानी वाजतं म्हणत्यात. रोज त्या दगडाकडून आल्यावर."

ते उशीचंच काम होतं. एकामागून एक लावत असतील तर धडधडणारच. कमी करायला सांगा, असं मी जरा जोरातच म्हटलं. पण दगडावरची उशी खरंच कोण नेतं, हे जाऊन बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. त्या घरात त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं.

थंडी वाढली आणि सायली आजारी पडायला लागली. सकाळी चांगली उड्या मारायची. दुपारी, सगळे जेवून कलंडलेले असताना, बांधाच्या बाजूने यायची ती पांढरीफटक होऊन. तोंडाला लाळ, कपाळाला गार घाम, मग उलटी, आणि मग झोप. संध्याकाळी पुन्हा ठणठणीत. गावच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग पित्ताचं दिलं. दुपारची वेळ, बांधाची बाजू आणि गार घाम, एवढं मामीला पुरलं. तिने मीठमिरच्या ओवाळल्या. तृप्ती शिकलेली, तिला हे पटत नव्हतं, पण पोरीसाठी ती गप्प बसली.

मामांनी मात्र आपला निष्कर्ष काढला होता. पुंजा रागावलाय. का रागावलाय? तर आपण त्याला उष्टं घालतोय म्हणून. बिडी उष्टी असली तरी तिच्यावर विस्तव असतो, विस्तवाने उष्टेपण जातं. उशीवर विस्तव कुठला? हे तर नुसती तोंडातली लाळ देवाला वाहिल्यासारखं झालं. म्हणून त्यांनी त्याला अख्खी, कोरी उशी ठेवायला सुरुवात केली. पोरीला आणखी त्रास व्हायला लागला तशा दोन. महेशने नवी डबी आणली ती आणखी कडक होती, तर मामांनी दगडापुढे डोकं टेकून सांगितलं, "ह्या भारीतल्या हायेत. पोरीला सोड."

मी गेले तो जानेवारीतला रविवार होता. ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. मामा नुकतेच दगडाकडून परतून ओट्यावर टेकले होते. मामी जेवणाचे पाट उचलत होती. बागेच्या वाटेने सायली आली आणि माझ्या मांडीला येऊन चिकटली. हात गार होते. माझ्याकडे आलेलं प्रत्येक पोर मी तोंड उघडून बघते, ही माझी खोड आहे. मी सवयीने तिचा वरचा ओठ उचलला.

हिरडीवर, दातांच्या वर, एक पांढरा, सुरकुतलेला डाग होता. अगदी त्याच जागी, तसाच डाग मी दिवाळीत मामांच्या तोंडात पाहिला होता. आणि त्या डागावर एक पांढरी उशी बसवलेली होती, अगदी मामा बसवतात तशी.

मी ती बोटाने ओढून काढली. "एकच होती? सायली, दुसरी होती का?"

तिने पोटाकडे बोट दाखवलं. मग तिचे डोळे वर गेले.

पुढचं मला सलग आठवत नाही. महेशने गाडी काढली, तृप्ती पोरीचं नाव घेत राहिली, मी तिला कुशीवर धरून तोंड पुसत होते आणि हायवेवरची प्रत्येक गाडी मला आमच्या वाटेत मुद्दाम आल्यासारखी वाटत होती. मागच्या सीटवर मामा होते. त्यांना कुणी गाडीत बसा म्हटलं नव्हतं. हातात ती डबी घट्ट धरून ते बसले होते, आणि बरं झालं, कारण मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा तीच मागितली. किती कडक आहे, किती गेल्या, केव्हा गेल्या. मामांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "पण हिला मिळाल्या कशा?" मामा डबी घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले.

पोरगी वाचली. संध्याकाळपर्यंत नाडी जागेवर आली. गिळलेली उलटीतून लवकर बाहेर पडली म्हणून, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायली दवाखान्याच्या पलंगावर बसून बिस्किट खात होती. मी तिला हळूच विचारलं, "दगडावरचं का गं उचलायचीस? नैवेद्य असतो ना तो?"

"मी नाही उचलायचे," ती म्हणाली. "आजोबा द्यायचे."

"कारभारीआजोबा?"

"नाही. ते दुसरे. तिथं बसलेले असतात ते." बिस्किट खाता खाता ती सांगत होती. "ते म्हणतात, मला नको हे, ह्याला धूर नाही. तू घे."

तृप्तीने माझ्याकडे बघितलं. दारात मामा उभे होते. ते आत आले आणि सायलीसमोर उकिडवे बसले. "कसे दिसत्यात गं ते?"

सायलीने विचार केला. मग आपल्या उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली. "त्यांची ही बोटं भाजलीयेत. दुखतात का विचारलं मी. काहीच नाही बोलले."

घरात कुणीतरी कधीतरी बोललं असेल, पोरांचे कान तिखट असतात, असं मी तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं. तृप्ती म्हणाली, तिला स्वतःलाच बोटांचं माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग मामीने सांगितलं असेल. माझा आवाज चढला होता. मामा उठले, डबी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि बराच वेळ त्या डब्याकडे बघत उभे राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी उशी लावली नाही आणि बिडीही नाही. छातीच्या डॉक्टरांनी दंडाला लावायच्या निकोटीनच्या पट्ट्या दिल्या, त्याही उतरत्या जोराच्या. मामा चिडायचे, घामाघूम व्हायचे, एकदा मामीच्या अंगावर ताट फेकलं आणि मग तिचे पाय धरून रडले. पण टिकले.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी गेले. वीराचा नैवेद्य होता. मामी पुरणपोळ्या लाटत होती. मामांनी चुलीतला एक निखारा चिमट्यात धरला आणि मला म्हणाले, "हर्षा, संगं चल. मला एकट्याला भरवसा नाय माझा."

बाभळीखाली पोहोचल्यावर त्यांनी बंडीतून एकच बिडी काढली. ती तोंडात धरली नाही. हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून निखाऱ्याला टेकवून धरली, आणि टोक लाल झाल्यावर दगडावर ठेवली. "अख्खी घे," ते दगडाला म्हणाले. "ही शेवटची. पोरीच्या वाटंला जाऊ नको आता."

आम्ही बसलो. दुपार अगदी स्तब्ध होती, बाभळीचं पान हलत नव्हतं. बिडीचं टोक काळं पडत गेलं, जसं पडायला हवं तसं. विझली, असं मी म्हणणार होते.

टोक लाल झालं. लालबुंद. मग मंद झालं. मग पुन्हा लाल. माणूस निवांत बसून झुरके घेतो, त्या लयीत. मी वारा शोधला. ओलं बोट वर करून बघितलं. वारा नव्हता. बिडी तशीच, सावकाश, दोऱ्यापर्यंत जळत गेली आणि धूर वर न जाता दगडापाशीच घुटमळत राहिला. मला तो वास आला.

मला मामांकडे बघायची हिंमत होत नव्हती. बघितलं, तेव्हा त्यांचा उजवा हात ओठांजवळ गेलेला होता, दोन बोटं बिडी धरल्यासारखी जवळ आलेली, मध्ये काहीच नाही. त्यांनाही ते तेव्हाच दिसलं. त्यांनी डाव्या हाताने तो हात धरून खाली घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मेला, तरी सुटली नाय त्याची."

घराकडून सायलीची हाक आली, आजोबा, जेवायला चला. ती वाटेने पळत येत होती. मामा घाईने उठले आणि दगड तिला दिसू नये म्हणून त्याच्यापुढे उभे राहिले.

"हर्षा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझी आधी सुटू दे. आन मी गेलो का माझा दगड बसवू नका. मी तिथं बसून मागत राहीन, आन ही पोरगी मला काय बी आणून देईल."